अंगणातल्या दगडाला सीलर लावायचा तर

पाऊस सरून दिवाळी जवळ आली की ओळखीपाळखीतून एक फोन ठरलेला. "पायऱ्यांचा जांभा काळा पडलाय. वरून काहीतरी मारून घेऊ का?" मी विचारतो, पागोळ्या कुठे पडतात? बहुतेकांना हा प्रश्न विषय सोडून वाटतो. पण घराबाहेरच्या दगडाचं निम्मं दुखणं तिथूनच सुरू होतं, आणि बाजारातला कितीही महाग सीलर, म्हणजे दगडात पाणी शिरू नये म्हणून लावायचं रसायन, ते दुखणं बरं करत नाही.

हे मला उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी गणपतीत पाहुणे येणार म्हणून आमच्या गावच्या घराच्या पायऱ्यांना मी चकचकीत कोटिंग मारून घेतलं. रंगाऱ्याने सांगितलं होतं, "बारा महिने नुकताच पाऊस पडल्यासारखा लाल दिसेल." दिसलाही, पहिले दोन-तीन महिने. पुढच्या पावसात कोटिंगखाली पांढरे ढग आले, त्याच्या पुढच्या पावसात पापुद्रे सुटले आणि पापुद्र्यांच्या कडांखाली काळं शेवाळ शिरलं. कोटिंग लावायला एक दिवस लागला होता, खरवडून काढायला तीन आठवडे लागले. खाली दिलेला क्रम त्या तीन आठवड्यांत शिकलेला आहे.

दगड कोणता, ते आधी ठरवा

आपल्याकडे घराबाहेर साधारण चार जातींचे दगड दिसतात. कोकणात आणि गोव्यात जांभा, म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा सच्छिद्र दगड. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. घाटावर काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड घट्ट असतो आणि फारसं पाणी पीत नाही. तिसरी जात चुनखडीची: कर्नाटकातली शहाबादी, राजस्थानातला कोटा, आंध्रातला कडप्पा. पुण्या-मुंबईच्या बंगल्यांची पार्किंगं, गच्च्या, मागची धुण्याची जागा बहुतेक याच फरश्यांची. चौथ्या जातीत ग्रॅनाइट आणि भिंतींना लावलेले वालुकाश्म, ढोलपुरी वगैरे.

ओळख पटत नसेल तर उरलेल्या तुकड्यावर किंवा कुंडीमागच्या कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तिथे फिकट, खरखरीत डाग राहिला तर दगड चुनखडीचा किंवा संगमरवराचा. अशा दगडाला कुठलंच आम्ल चालत नाही. संडास धुण्याचं निळं लिक्विड, फरशी पुसायचं ॲसिड, व्हिनेगर, सगळं बाद. गवंडी काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला सर्रास ॲसिड ओततात. शहाबादीवर ते ओतू देऊ नका. जांभ्यावर बुडबुडे येत नाहीत, म्हणून त्यावर ॲसिड चालतं असं समजू नका. आम्लाने त्यातलं लोह सुटतं आणि गंजासारखे ओघळ येतात.

तो पाणी पितो का?

कोरड्या दगडावर चमचाभर पाणी ओता आणि १५ मिनिटांनी बघा. पाणी तसंच गोळा होऊन राहिलं आणि पुसल्यावर खाली ओलसर डाग नसेल, तर त्या दगडाला सीलरची गरज नाही. पॉलिश केलेला गडद ग्रॅनाइट बहुतेक वेळा असा निघतो. पाच-सात मिनिटांत दगड गडद झाला तर तो मध्यम पिणारा. ओतता ओतताच पाणी आत गेलं तर तो जांभा असणार किंवा रफ वालुकाश्म.

ही चाचणी एका जागी करून थांबू नका. एकाच खाणीतल्या दोन चिऱ्यांत फरक असतो, आणि एकाच पायरीची पायाने झिजलेली मधली जागा कडेपेक्षा वेगळी वागते. चार-पाच ठिकाणी करा, खडूने खूण करा. पुढे किती सीलर लागेल त्याचा अंदाज याच खुणांवरून येईल.

पाण्याचा रस्ता

इथे घाई करू नका. लोक हाच टप्पा गाळतात, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

दगडावर वरून पडणारं पाणी फारसं वाईट नसतं. ते वाहून जातं, उरलेलं उन्हात उडून जातं. त्रास देतं ते खालून आणि बाजूने चढणारं पाणी. फरशीखालची माती ओली राहिली की ओल दगडातून वर येते, येताना सिमेंटमधले आणि मातीतले क्षार घेऊन येते, आणि पृष्ठभागाशी पाणी उडालं की क्षार तिथेच साचतात. फरशीवर पावसानंतर जी पांढरी भुकटी दिसते ती हीच. वरून न श्वासणारं कोटिंग मारलं तर क्षार कोटिंगच्या आतल्या बाजूला साचतात, फुगतात आणि दगडाचाच पापुद्रा उचलतात. माझ्या पायऱ्यांवरचे पांढरे ढग तेच होते.

गोव्यातली बॉम जेझुस बॅसिलिका पाहिली असेल तर तिचा उघडा लाल जांभा आठवत असेल. ही १६०५ साली पूर्ण झालेली इमारत मुळात अशी नव्हती, तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या मध्यात काढला गेला, आणि तेव्हापासून उघड्या जांभ्याची झीज ही तिच्या जतनातली मोठी काळजी होऊन बसली आहे. चुन्याचा गिलावा पाऊस अंगावर घेतो आणि आतली ओल बाहेरही सोडतो. आपल्याला सीलरकडून नेमकं हेच हवं असतं.

म्हणून सीलरची बाटली आणण्याआधी जोराच्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पाऊस नसेल तर नळीने पाणी सोडून बघा. पाणी कुठे थांबतं? अंगणाला घरापासून बाहेरच्या दिशेने दर मीटरला १ ते २ सेंटिमीटर उतार हवा. डबकी होत असतील तर तेवढ्या फरश्या उचलून पुन्हा बसवणं हाच उपाय आहे, आणि तो सीलरपेक्षा स्वस्त पडतो. बागेची माती फरशीच्या पातळीच्या वर चढली असेल तर ती खाली उतरवा. कुंड्या थेट दगडावर ठेवू नका, खाली विटेचे तुकडे द्या.

आता पागोळ्या. कौलारू घराला पन्हळ नसेल तर पागोळ्या चार महिने एकाच रेघेत पडत राहतात. त्या रेघेतला जांभा खड्डे पडून चाळणीसारखा होतो, आणि उडालेले शिंतोडे जोत्याचा हातभर भाग सतत ओला ठेवतात. पन्हळ लावणं सगळ्यात उत्तम. ते शक्य नसेल तर पागोळ्यांच्या रेघेत फूटभर रुंद खडीचा पट्टा करा, म्हणजे पाणी उडणार नाही, जिरेल. जुन्या घरांत पावसाआधी पडवीला नारळाच्या झापांचे आडोसे बांधत. कारण हेच होतं.

शेवटी दरजा बघा. फरश्यांमधल्या दरजा फुटल्या असतील तर खिळ्याने किंवा जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने मोकळ्या करून पुन्हा भरा. शहाबादी आणि कोट्याला सिमेंट-वाळू चालते. जांभ्याच्या जोत्यात आणि पायऱ्यांत मात्र नुसत्या सिमेंटने दरजा भरू नका. सिमेंट जांभ्यापेक्षा कडक असतं, ओल दरजेतून बाहेर पडायची थांबते आणि चिऱ्यातून पडू लागते. मग दरज जशीच्या तशी राहते आणि भोवतीचा चिरा झिजत जातो. जुन्या घरांच्या पायऱ्यांवर दरजांच्या वर उठलेल्या सिमेंटच्या रेघा याच्याच. एक भाग चुना, तीन भाग वाळू आणि रंग जुळावा म्हणून मूठभर जांभ्याची चाळलेली भुकटी, एवढं पुरे. चुन्याला पहिले काही दिवस पाणी शिंपडून हळूहळू सुकू द्यावं लागतं.

धुणं

पांढऱ्या क्षारांना आधी पाणी लावू नका. पाण्याने ते विरघळून परत आत जातात. कोरड्या कडक ब्रशने झाडा, भुकटी सुपलीत गोळा करा आणि टाकून द्या. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा आली तर पुन्हा झाडा. भुकटी येत राहते तोवर खालची ओल थांबलेली नाही, म्हणजे सीलरची वेळ झालेली नाही.

शेवाळ्याला आधी काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी. तारेचा ब्रश नको, त्याचे तुटलेले कण दगडात अडकून गंजतात. एवढ्याने निघालं नाही तर द्रवरूप ब्लीच, एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, १५ मिनिटं ठेवून घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. कोकणात पायऱ्यांवर ब्लिचिंग पावडर फेकायची सवय आहे. तिने शेवाळ मरतं, पण चुन्याचा पांढरा साका छिद्रांत बसतो. ब्लीच आणि ॲसिड कधीच एकत्र येऊ देऊ नका, दोघांतून क्लोरीन वायू सुटतो. आणि धुवणाचं पाणी विहिरीकडे किंवा तुळशीच्या मुळाशी जाणार नाही एवढं पाहा.

प्रेशर वॉशरबद्दल माझं मत कडक आहे: जांभ्यावर नको. छिद्रांतली माती निघते तसे दगडाचे कणही निघतात, आणि पुढच्या वर्षी शेवाळ्याला आणखी खोल घर मिळतं. काळ्या दगडावर किंवा ग्रॅनाइटवर पंख्यासारख्या फवाऱ्याचं नोझल लावून, हातभर अंतर ठेवून चालेल. दरजांवर मात्र धार रोखू नका.

डाग राहिले असतील तर ते आत्ताच काढा, सीलर लागला की डागही आत कोंडला जातो. वृंदावनासमोरचा दिव्याच्या तेलाचा डाग सगळ्यांच्याच अंगणात असतो. त्याला लेप लावायचा: मुलतानी माती किंवा खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून दह्याइतकी घट्ट करा, डागावर बोटाच्या पेराइतका थर द्या, वर प्लास्टिक चिकटवून एक दिवस ठेवा. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण सुकू द्या. सुकताना तो तेल वर ओढतो. जुन्या डागाला दोन-तीन लेप लागतात. ॲसिटोन पटकन पेट घेतं, तेव्हा त्या संध्याकाळी दिवा दुसरीकडे लावा. हळदीच्या डागाची फार चिंता करू नका, ऊन त्याला फिकं करतं.

वाळू द्या

नवीन फरशी असेल तर खालच्या सिमेंटला २८ दिवस द्या. जुन्या, धुतलेल्या दगडाला घाटावर दोन-तीन कोरडे दिवस पुरतात. कोकणात तेवढ्याने भागत नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस परततो, पण जमीन दिवाळीनंतरही कितीतरी दिवस ओली असते. माझ्या अनुभवात डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

वरून कोरडा दिसणारा दगड आतून कोरडा आहे का, हे बघायला दोन फूट बाय दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने दगडावर चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं किंवा खालचा दगड गडद झाला तर थांबा, आठवड्याने पुन्हा बघा.

कोणता सीलर

दुकानात गेलात की ढीगभर नावं ऐकवतात. जाती मुळात दोनच. एक दगडाच्या आत शिरणारा, दुसरा वर थर धरणारा. वर थर धरणारे, म्हणजे ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे, चकाकी देतात, ओला लुक देतात आणि पावसात पायऱ्या घसरड्या करतात. घराबाहेर, जमिनीशी लागून असलेल्या दगडाला मी ते कधीच सुचवत नाही. वयस्कर माणसं ज्या पायऱ्यांवरून जातात तिथे तर मुळीच नको.

आत शिरणारे सीलर सिलेन, सिलॉक्सेन किंवा दोघांच्या मिश्रणाचे असतात. ते छिद्रं बुजवत नाहीत. छिद्रांच्या भिंतींना आतून असा लेप देतात की पाणी आत ओढलं जात नाही, पण वाफ बाहेर पडू शकते. सिलेनचा रेणू लहान, म्हणून काळा दगड, ग्रॅनाइट अशा घट्ट दगडांना तो बरा. जांभा आणि वालुकाश्माला सिलॉक्सेन किंवा मिश्रण. सिलेन-सिलॉक्सेनची रासायनिक पकड सिलिकेट असलेल्या दगडांवर चांगली बसते, चुनखडीवर तितकी नाही. म्हणून शहाबादी, कोटा, कडप्प्याला फ्लुरोपॉलिमरचा, तेल आणि पाणी दोन्ही रोखणारा सीलर मागा. डब्यावर 'वाफ जाऊ देणारा' किंवा 'ब्रीदेबल' असा उल्लेख आहे का बघा. नसेल तर डबा परत ठेवा.

एक गैरसमज इथेच सांगून टाकतो. शहाबादीला सीलर लावला तरी आम्लाचा डाग पडायचा तो पडतोच. आमसुलं वाळत घातलेल्या ताटाखालून गळलेला रस किंवा चिंचेचं पाणी चुनखडीला खातं, आणि तो ओरखडा सीलरने अडत नाही. वाळवण करायचं तर खाली जाड ताडपत्री घाला.

कडप्प्याला काळाभोर दिसावा म्हणून तेल किंवा डिझेल चोळायची पद्धतही बऱ्याच ठिकाणी आहे. चार दिवस छान दिसतो, मग त्यावर धूळ बसून चिकट थर होतो आणि पुढे सीलर आत शिरत नाही. तसं केलं असेल तर आधी ते तेल लेपाने काढावं लागेल.

लावण्याचा दिवस

आधी नमुना करा. दहा चौरस फुटांचा कोपरा निवडा, मोजून सीलर लावा, दोन दिवस ठेवा आणि रंग बदलतो का बघा. तेवढ्या जागेला २०० मिलिलिटर लागला तर २०० चौरस फुटांच्या अंगणाला ४ लिटर लागेल. त्यावर थोडा जास्त आणा. जांभा शहाबादीच्या दुप्पट-तिप्पट पिऊ शकतो, म्हणून डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.

सकाळी दव उडालं की सुरू करा आणि ऊन चढायच्या आत संपवा. तापलेल्या दगडावर सीलर आत जाण्याआधीच सुकतो आणि वर पांढरट पट्टे राहतात, म्हणून मे महिन्यात हे काम काढू नका. वारा जोरात असेल तर धूळ चिकटते. हातमोजे, चष्मा आणि मास्क हवेच. सॉल्व्हंटचा सीलर असेल तर आसपास विडी, सिगारेट, चूल काही नको. झाडं, दरवाजे, काचा प्लास्टिकने झाका, कुत्रा-मांजर बांधून ठेवा.

शहाबादीसारख्या सपाट फरशीवर लोकरी रोलर किंवा स्पंजने लावा. घरापासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने सरका, नाहीतर शेवटी भिंतीला पाठ लावून उभे राहाल. एका वेळी दोन-तीन फरश्याच घ्या. पाच ते दहा मिनिटांत जो सीलर आत गेला नाही तो सुती फडक्याने पुसून घ्या. न पुसलेला सीलर चिकट, मळकट डाग होऊन राहतो आणि नंतर काढायला भलता त्रास होतो. जांभा खडबडीत असल्याने त्यावर फडकं चालत नाही, तिथे कमी दाबाचा बागेचा फवारा आणि मऊ ब्रश घ्या. फवारल्यावर खळग्यांत साचलेला सीलर ब्रशने बाजूला पसरवा. उभ्या जोत्यावर खालून वर लावत जा, म्हणजे ओघळांचे पट्टे पडत नाहीत.

दुसरा हात बहुतेक सीलरना पहिला ओला असतानाच द्यायचा असतो. पहिला पूर्ण सुकला की तो दुसऱ्यालाही आत येऊ देत नाही. याबाबत मात्र डब्यावर लिहिलेलंच ऐका. नंतर २४ तास पाणी नको, दोन-तीन दिवस गाडी नको. सॉल्व्हंटने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळ्या जागी पसरून सुकवा.

वर्षभर

रोजच्याला झाडू आणि साधं पाणी. आठवड्यातून एकदा सौम्य साबण, तोही भांड्यांचा, थोडासा. पावसाळ्यात सावलीतल्या, उत्तरेकडच्या पायऱ्या दर आठवड्याला ब्रशने घासा. शेवाळ कोवळं असताना दोन मिनिटांत निघतं. मे महिन्यात पन्हळ, गटार आणि दरजा एकदा बघून घ्या. पडलेली पानं आणि जांभळं साचू देऊ नका, त्यांचा तपकिरी-जांभळा रंग ओल्या दगडात उतरतो.

सीलर साधारण दोन ते पाच वर्षं टिकतो, पण ही वर्षं सगळीकडे सारखी नसतात. दर दिवाळीला तीच चमचाभर पाण्याची चाचणी तीन जागी करा: पायरीच्या मधोमध, जोत्यावर आणि वृंदावनासमोर. आमच्याकडे पायऱ्या तिसऱ्या वर्षी पाणी प्यायला लागल्या, जोतं अजून पीत नाही. म्हणून यंदा फक्त पायऱ्यांना लिटरभर सीलर आणला आहे. पन्हळीच्या सांध्यातून गळणारं पाणी तिसऱ्या पायरीवर पडतंय, ते बंद झालं की लावतो.